पिन विचारला नाही म्हणून पैसे गेले नाहीत, असं नाही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

चूल आवरली असेल, जनावरांना वैरण टाकून झाली असेल, तर जरा टेका. हातात काम असलं तरी चालेल, कान तेवढे इकडे द्या. आम्ही बचत गटाच्या चौघी आज तुमच्याशी एटीएम कार्डाबद्दल बोलणार आहोत. तेच, बँकेनं दिलेलं आणि आपल्यातल्या बहुतेकींनी पासबुकाच्या कव्हरात घालून पेटीच्या तळाशी ठेवलेलं.

सुरुवात आमच्याच गटातल्या एका गोष्टीनं करतो. जिची गोष्ट आहे, तिनंच ती सांगायला सांगितली आहे. नाव तेवढं घेऊ नका, म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात, पेरणीच्या तोंडाला, ही आमची ताई तालुक्याला बियाणं आणि खत आणायला गेली. गटाचं कर्ज खात्यात जमा झालं होतं. जुन्या कार्डाची मुदत संपली म्हणून बँकेनं नवीन कार्ड पाठवलं होतं, ते घेऊन गेली. बिल झालं 4,200 रुपये. तिनं कार्ड पुढे केलं. दुकानातल्या माणसानं ते मशीनमध्ये घातलं नाही, नुसतं वरून टेकवलं. मशीन एकदा वाजलं. कागदाचा रोल संपलेला, त्यामुळे पावती काही निघाली नाही. ताई पिन दाबायला बोट पुढे करून उभी, पण पिन कुणी विचारलाच नाही. दुकानात पेरणीची गर्दी. तो म्हणाला, "झालेलं दिसत नाही मावशी, रोख आहेत का?" ताईलाही तसंच वाटलं. पिन दाबला नाही तर पैसे जातीलच कसे? तिनं कमरेच्या पिशवीतून 4,200 रुपये मोजून दिले आणि पोती रिक्षात टाकून घरी आली.

पैसे मात्र गेले होते. एकदा कार्डातून आणि एकदा रोख.

बँकेचा मेसेज आला होता, पण तो पुण्याला कंपनीत कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर. खातं उघडताना त्याचाच नंबर दिलेला. त्यानं मेसेज वाचला, आईनं बियाणं घेतलं असेल असं समजला आणि पुढच्या कामाला लागला. त्याचंही काही चुकलं नाही.

दोन महिन्यांनी पंचमीच्या सुमारास ताई पासबुक भरून घ्यायला बँकेत गेली, तेव्हा 4,200 कमी निघाले. कधी गेले, कसे गेले, काही आठवेना. कार्ड तर पेटीत होतं. मग पेटी उघडली कुणी? त्या रात्री तिच्या मनात सुनेबद्दल शंका आली. ती बोलली नाही, पण घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. सूनही समजून चुकली की सासूबाईंच्या मनात काहीतरी आहे.

शेवटी गटाच्या बैठकीत तिनं पासबुक आमच्या पुढ्यात टाकलं. तारीख बघितली, तर तो बियाण्याचा दिवस निघाला. आम्ही चौघी तिच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदारानं आपल्या मशीनचा त्या दिवसाचा हिशोब काढला, रोखीची वही काढली. दोन्हीकडे 4,200 सापडले. माणूस सरळ निघाला, त्यानं पैसे परत दिले. पण दोन महिने गेले, दोन दिवसांचा रोज बुडाला आणि घरातल्या घरात जे झालं ते वेगळंच.

मैत्रिणींनो, या गोष्टीत चोर कुणीच नाही. तरीही पैसे गेले, आणि दोन महिने पत्ता लागला नाही. खरोखरीचा चोर असता तर काय झालं असतं? म्हणून हे कार्ड समजून घेऊ या.

आत्ता तुमच्याकडे कार्ड असेल तर हातात घ्या. त्यावर एक सोनेरी चौकोन असतो, ती चिप. आणि कुठेतरी चार वाकड्या रेघांची खूण दिसते का बघा, एकीपेक्षा दुसरी मोठी, पाण्यात खडा टाकल्यावर लाटा पसरतात तशी. ही खूण असेल तर तुमचं कार्ड टेकवून चालणारं आहे. गावात लोक याला 'वायफाय कार्ड' म्हणतात. पण वायफायशी किंवा इंटरनेटशी त्या खुणेचा काही संबंध नाही. कार्डाच्या आत तारेचं बारीक वेटोळं असतं. दुकानातल्या मशीनमधून रेडिओलहरी निघतात, त्या लहरींतूनच कार्डाला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ते मशीनशी बोलतं. कार्डात बॅटरी नसते. तुम्ही आत्ता आमचा आवाज ऐकताय तोही रेडिओलहरींवरच. फरक एवढाच की आमचा आवाज आसपासच्या गावांपर्यंत पोचतो आणि कार्डाचा आवाज जेमतेम 4 सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटांच्या अंतरापर्यंत.

आता नियम ऐका. रिझर्व्ह बँकेनं असं ठरवलंय की टेकवून केलेला एका वेळचा व्यवहार 5,000 रुपयांपर्यंत असेल तर पिन लागत नाही. पूर्वी ही मर्यादा 2,000 होती, 1 जानेवारी 2021 पासून ती 5,000 झाली. त्याच्या वर रक्कम गेली की पिन लागतोच. आणि एटीएममधून रोख काढायची तर पिनशिवाय निघत नाही.

म्हणजे आमच्या ताईच्या 4,200 रुपयांना पिन लागलाच नसता. मशीननं काही चूक केली नाही. आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच.

आता भीतीचं बोलू. मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत असतो. गर्दीत एक माणूस मशीन घेऊन लोकांच्या खिशाला लावतो आणि पैसे काढून घेतो. आमच्यातल्या एकीनं तो बघून कार्ड कापूनच टाकायचं ठरवलं होतं. असं होऊ शकतं का? मशीन दोन बोटांवर आणलं, त्यात आधी रक्कम टाकून ठेवली आणि तुमच्या कार्डाची टेकवायची सोय चालू असली, तर होऊ शकतं. पण ते चोराला परवडणारं नाही. ते मशीन कुणालाही बाजारात मिळत नाही. बँक दुकानदाराची कागदपत्रं घेते आणि मशीन त्याच्या खात्याला जोडून देते. चोरलेले पैसे त्याच्याच नावाच्या खात्यात जमा होणार. म्हणजे चोरानं आपला पत्ता मागे ठेवून जाण्यासारखं झालं. शिवाय कार्ड टेकवताना चिप दर वेळी नवा सांकेतिक आकडा तयार करते. तो आकडा कुणी चोरून ऐकला तरी पुढच्या वेळी उपयोगाचा नाही. पिन तर त्या लहरींवरून जातच नाही.

तरीही एसटीच्या गर्दीत मनाला धाकधूक वाटत असेल, तर कार्ड स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, नाहीतर पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदात गुंडाळा. धातूतून या लहरी जात नाहीत. त्यासाठी महागडी पाकिटं घ्यायची गरज नाही. आमच्यातल्या काकूंनी मिश्रीची रिकामी डबी धुऊन त्यासाठीच ठेवली आहे!

मग खरा धोका कुठे आहे? आम्हाला चार ठिकाणी दिसतो.

पहिला, कार्ड हरवण्याचा. पूर्वी कार्ड सापडलं तरी पिनशिवाय दुकानात उपयोग नव्हता. आता टेकवायची सोय चालू असेल तर ज्याला सापडेल तो 5,000 च्या आतली खरेदी पिनशिवाय करू शकतो, आणि एकदाच नाही. म्हणून हे कार्ड आता नोटांसारखं सांभाळायचं. बाजारात नोटांची पिशवी आपण काउंटरवर ठेवून शेजारणीशी बोलत बसत नाही. कार्डही ठेवायचं नाही.

दुसरा, रकमेचा. टेकवल्यावर क्षणात काम होतं, आकडा बघायला वेळच मिळत नाही. 420 च्या जागी 4,200 दाबले गेले तरी कळत नाही. म्हणून आधी मशीनवरचा आकडा बघायचा, मोठ्यानं वाचायचा आणि मग कार्ड टेकवायचं, तेही शक्यतो आपल्याच हातानं. पावती मागायची. पावती निघत नसेल तर "झालं की नाही?" हे फोनवरचा मेसेज बघून ठरवायचं, आणि ते ठरल्याशिवाय रोख काढायची नाही. आपल्यातल्या ज्या दुकान चालवतात त्यांनाही सांगणं आहे. गिऱ्हाइकाला आकडा बोलून दाखवा. त्यानं विश्वास वाढतो.

तिसरा, फोनवरच्या भामट्यांचा. "तुमचं वायफाय कार्ड चालू करायचंय, ओटीपी सांगा," असा फोन आला तर तो बँकेचा नाही. आणखी एक नवी तऱ्हा निघाली आहे. 2024 मध्ये युरोपातल्या चेक प्रजासत्ताकात असं उघडकीला आलं की भामट्यांनी बँकेचे कर्मचारी बनून लोकांना फोन केले, त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालायला लावलं आणि कार्ड फोनच्या पाठीला टेकवून पिन टाकायला सांगितलं. इकडे माणसानं कार्ड टेकवलं की तिकडे दुसऱ्या फोनवरून चोर एटीएममधून रोख काढायचा. देश लांबचा असला तरी कार्ड आणि फोन तसेच आहेत. म्हणून लक्षात ठेवा, कुणाच्या फोनवरच्या सांगण्यावरून आपलं कार्ड मोबाइलला टेकवायचं नाही.

चौथा धोका म्हणजे मेसेज दुसऱ्याच्या फोनवर जाण्याचा. आमच्या मते सगळ्यात मोठा हाच आहे. त्यावर जरा थांबून बोलू.

पिन म्हणजे दाराची कडी होती. कडी काढल्याशिवाय आत येता येत नव्हतं. 5,000 पर्यंतच्या व्यवहाराला ती कडी आता नाही. मग राखण कोण करतं? मेसेज. पैसे गेले की लगेच तो ओरडून सांगतो. पण राखणीचं कुत्रं पुण्यात भुंकत असेल आणि घर इथे असेल, तर उपयोग काय? खातं आपलं, कार्ड आपलं, कष्ट आपले, आणि मेसेज मात्र नवऱ्याच्या, मुलाच्या, पुतण्याच्या, कधीकधी तर बंद पडलेल्या नंबरावर. आमच्या गटात आम्ही मोजलं, तेव्हा अर्ध्याहून जास्त जणींचं असंच निघालं.

घरी हे बोलताना अवघड वाटतं, ते आम्हालाही ठाऊक आहे. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारलं जातं. आमच्या ताईनं मुलाला काय सांगितलं ते ऐका. "विश्वास आहे रे, पण त्या दिवशी मेसेज माझ्या फोनवर आला असता तर मी तिथल्या तिथे दुकानदाराला दाखवला असता. आणि तुझ्या बायकोवर माझ्या मनात पाप आलं नसतं." मुलगा पुढच्या सुट्टीत आला आणि स्वतः तिला बँकेत घेऊन गेला. शाखेत जाऊन नंबर बदलायचा अर्ज भरायचा, आधार आणि पासबुक बरोबर न्यायचं. स्मार्टफोनच लागतो असं नाही. बटणांच्या साध्या फोनवरही मेसेज येतो, त्याला इंटरनेट लागत नाही.

आणि मेसेज इंग्रजीत आला तर? एवढंच ओळखायला शिका. डेबिट म्हणजे गेले, क्रेडिट म्हणजे आले. डेबिटचं पहिलं अक्षर डी. डी म्हणजे 'दिले', असं आम्ही पाठ केलंय. डी दिसला आणि आपण कुणाला दिलेले नाहीत, की उठायचंच.

आता कार्डाला कडी परत कशी लावायची ते सांगतो. कार्डाची टेकवायची सोय चालू किंवा बंद करणं आपल्या हातात आहे. रिझर्व्ह बँकेनं 2020 मध्ये बँकांना सांगितलं की नवीन कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून चालेल एवढंच चालू ठेवायचं. टेकवून देणं, ऑनलाइन खरेदी आणि परदेशातले व्यवहार या तीन गोष्टी खातेदारानं स्वतः सुरू केल्या तरच सुरू व्हायला हव्यात, आणि त्यांची मर्यादाही खातेदाराला कमी करता यायला हवी. मग आमच्या ताईचं कार्ड टेकवून कसं चाललं? पुतण्यानं एटीएमवर पिन तयार करून दिला, तेव्हा "काकू, सगळंच चालू करून टाकतो," असं म्हणून त्यानं सगळी बटणं दाबली होती. प्रेमानंच दाबली होती.

ही बटणं बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये, एटीएमवर किंवा बँकेच्या फोनसेवेवर मिळतात. जमत नसेल तर शाखेत जाऊन विचारा, "टेकवून पैसे जायची सोय बंद करायची आहे." लाजायचं काही कारण नाही. आमचा सल्ला असा. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी कार्ड वापरत असाल, लाडकी बहीण योजनेचे 1,500 काढायला फक्त एटीएमवर जात असाल, तर टेकवायची सोय बंदच ठेवा, परदेशी व्यवहार तर बंदच. दुकानात कार्ड मशीनमध्ये घालून पिन दाबूनही पैसे देता येतात. बाजारहाट नेहमी कार्डावर होत असेल तर सोय चालू ठेवा, पण मर्यादा 500 किंवा 1,000 अशी आपल्याला झेपेल तेवढी ठेवा.

एवढं करूनही पैसे गेलेच तर? रडत बसायचं नाही. घड्याळ बघायचं.

सगळ्यात आधी बँकेच्या टोल फ्री नंबरवर फोन करून कार्ड बंद करायचं. तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. फसवणूक असेल तर लगेच 1930 या नंबरवर फोन करायचा. सायबर गुन्ह्यांसाठी हा देशभराचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवू, तितके पैसे मधल्या मध्ये अडवता येण्याची शक्यता जास्त.

इतकी घाई का? रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये एक नियम घालून दिला आहे. चूक बँकेची असेल तर आपलं नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, तिसऱ्यानंच हात मारला आहे, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं, तरीही आपलं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर काही भार आपल्यावर येतो. जनधनसारख्या साध्या खात्याला तो 5,000 रुपयांपर्यंत, इतर बचत खात्यांना 10,000 पर्यंत. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर सोडलेलं आहे.

आता हिशोब करा. जनधन खात्यातून 4,000 गेले. तिसऱ्या दिवसापर्यंत सांगितलं तर सगळे परत मिळण्याचा हक्क. पाचव्या दिवशी सांगितलं तर सगळे 4,000 आपल्याच अंगावर येऊ शकतात. आमच्या ताईला तर दोन महिने लागले होते! मेसेज आपल्याच फोनवर का हवा, ते यावरून समजा.

आणखी एक. पिन कार्डावर लिहिला असेल, ओटीपी आपणच सांगितला असेल, तर ती आपली चूक धरतात. मग कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले. कळवल्यानंतर गेले तर ते बँकेच्या अंगावर. म्हणून चूक झाली तरी लपवायचं नाही. घरचे रागावतील म्हणून चार दिवस गप्प बसलेली बाई जास्त गमावते.

पैसे बँकेच्या हद्दीतून गेले की आपल्या हद्दीतून, हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, आपलं नाही, असंही त्या नियमात आहे. शाखेत कुणी "तुम्हीच काढले असतील," असं म्हणालं तर हे शांतपणे सांगा. तक्रार देऊन 30 दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी नंबर आहे 14448. तक्रारीला पैसे लागत नाहीत.

आता पुढच्या बैठकीसाठी काम सांगतो. सगळ्या जणींनी आपलं कार्ड आणि आपला फोन घेऊन या. पिन मात्र कुणी कुणाला सांगायचा नाही, सचिवालाही नाही, बँक सखीलाही नाही. मग पाच गोष्टी बघा. एक, कार्डावर चार वाकड्या रेघा आहेत का? दोन, टेकवायची सोय चालू आहे की बंद? तीन, मेसेज कुणाच्या फोनवर येतो? चार, बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर आपल्याकडे लिहिलेला आहे का? पाच, कार्डावर किंवा कव्हरावर पिन लिहिलाय का? लिहिला असेल तर आधी तो पिन बदला. आमच्या गटानं बँकेचा नंबर आणि 1930 मोठ्या अक्षरांत लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय. ज्यांचे नंबर बदलायचे होते त्या सहा जणी एकाच दिवशी शाखेत गेल्या. एकटीला ताटकळत ठेवतात, सहा जणींना खुर्च्या देतात.

आमची ताई आता कार्ड वापरते. कापून टाकलं नाही. टेकवायची मर्यादा तिनं 500 ठेवली आहे. परवा तालुक्याला तिनं 180 रुपयांचं औषध घेतलं, कार्ड टेकवलं आणि तिथेच उभी राहिली. दुकानदार म्हणाला, "झालं की मावशी." ती म्हणाली, "थांब, माझा मेसेज येऊ दे." मेसेज आला, डी दिसला, 180 दिसले, आणि मगच ती पायरी उतरली.

तुमच्या गटात असं काही घडलं असेल, तर आम्हाला कळवा. आपण पुढच्या वेळी त्यावर बोलू. तोपर्यंत कार्ड जपा, मेसेज वाचा. नमस्कार.